घरचा खोंड वळू म्हणून ठेवायचा तर कुठला? (शुद्ध अँगस, ६० गाई)

कळपकर

मंडळी नमस्कार. आमचा शुद्ध अँगसचा कळप आहे, साठेक गाई, सगळ्या नोंदणीतल्या. जनावर मांसासाठीचंच, पण आमची कमाई जास्त करून पैदाशीच्या विक्रीवर आहे, म्हणजे दुसरे कळपवाले आमच्याकडून वळू आणि गाभण कालवडी नेतात. त्यामुळे कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हा प्रश्न दरवर्षी येतोच आणि दरवर्षी घरात वाद होतो.

या वेळी तीन खोंडांवर गाडी अडलीय. सगळ्यांचं दूध एकाच दिवशी तोडलं आणि त्याच दिवशी वजनं घेतली.

११ नंबर – जन्माचं वजन ४३ किलो, दूध तोडताना २८५, वय २२५ दिवस. अख्ख्या कळपात सगळ्यात वजनदार. याची आई मागच्या हंगामात भाकड राहिली होती, या वेळी मात्र वळू सोडल्या सोडल्या गाभण राहिली.

२७ नंबर – जन्माला ३४, दूध तोडताना २६२, वय २०७ दिवस. आई ८ वर्षांची, एकही वेत चुकलेलं नाही आणि दरवेळी पहिल्या तीन आठवड्यांतच व्यालेली. दिसायला साधाच आहे, कोणी वळून बघणार नाही असा.

४० नंबर – दिसायला एक नंबर, लांब, भरलेला, चाल झकास. पण याचा बाप म्हणजे आमचा सध्याचा वळू, आणि आमच्या निम्म्या कालवडी त्याच्याच आहेत.

भावाचं म्हणणं ११ ठेवू, वजन बघ की. वडिलांना ४० पाहिजे. माझं मन २७ कडे जातंय पण का ते मला नीट सांगता येत नाही आणि नुसतं मन जातंय म्हटलं तर घरात कोण ऐकणार. ईपीडीचे (जनावराचा एखादा गुण त्याच्या वासरांत किती उतरेल याचा अंदाजी आकडा) कागद आलेत, त्यात ११ चा वाढीचा आकडा चांगला आहे, २७ चा मधला. शिवाय कालवडी किती ठेवाव्यात तेही सांगा, यंदा २६ झाल्यात आणि सगळ्याच बऱ्या दिसतायत.

जुनाजाणता

कळपकर, तुमचं मन बरोबर ठिकाणी जातंय, फक्त कागदावर मांडून दाखवा म्हणजे घरचे ऐकतील.

पहिलं म्हणजे २८५ आणि २६२ ही वजनं शेजारी शेजारी ठेवायचीच नाहीत. एक वासरू १८ दिवसांनी मोठं आहे. दोघांना एकाच वयावर, २०५ दिवसांवर आणा. दूध तोडतानाच्या वजनातून जन्माचं वजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, २०५ नी गुणा आणि जन्माचं वजन परत मिळवा. ११ चं येतं साधारण २६३ आणि २७ चं साधारण २६०. म्हणजे २३ किलोचा फरक तीन-चार किलोवर आला. आणि त्यातही ११ नंबर ९ किलो जास्तीचे पोटातूनच घेऊन आलाय. जन्मानंतरची रोजची वाढ बघितली तर ११ ची १.०८ किलो आणि २७ ची १.१०. म्हणजे वाढला कोण? जो साधा दिसतोय तो. (गाईच्या वयाची दुरुस्ती पण धरायची असते, पहिलारू आणि म्हातारीच्या वासराला थोडं वजन वाढवून देतात, पण ८ वर्षांची गाय ऐन भरातली, तिला काही लागत नाही. ११ ची आई किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाही, ती पण मधल्या वयाची असेल असं धरतोय.)

दुसरं, आणि माझ्या मते खरं महत्त्वाचं. ११ ची आई गेल्या हंगामात रिकामी होती. अख्खं वर्ष बसून खाल्लं, अंगावर चरबी चढली, पाजायला वासरू नाही, अशी गाय वळू सोडल्याबरोबर गाभण राहणारच की. म्हणून वासरू आधी झालं, म्हणून मोठं दिसतं, आणि आईच्या अंगात साठा होता म्हणून दूधही जास्त मिळालं असणार. म्हणजे त्या गाईने चुकवलेल्या वर्षाचं बक्षीस आपण तिच्या पोराला देतोय! हे बऱ्याच कळपांत होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिशोब साधा आहे. गाय २८३ दिवस गाभण असते. वर्षाला एक वासरू पाहिजे तर व्याल्यानंतर ८२ दिवसांच्या आत परत गाभ राहिला पाहिजे. त्या ८२ दिवसांत तिने जार टाकायची, गर्भाशय जागेवर यायचं, वासराला पाजायचं, माजावर यायचं आणि वर गाभ ठरायचा. जी गाय हे दरवर्षी न चुकता करते, आणि तेही हंगामाच्या सुरुवातीलाच, तिच्यात काहीतरी आहे. शरीर आपल्या चाऱ्याला जुळलेलं आहे, दूध पुरेसं पण झेपेल एवढंच आहे, पाय-कास शाबूत आहेत. २७ ची आई अशी आहे. मी वळू निवडताना आधी आईकडे जातो, मग आजीकडे, आणि खोंडाकडे सगळ्यात शेवटी.

४० बद्दल दुसरं कोणी सांगेल, मी थोडक्यात सांगतो की नको.

आकडेमोड्या

जुनेजाणते, २०५ दिवसांचं पटलं, पण आईचा वक्तशीरपणा बघून वळू निवडा हे मला अर्धंच पटतं. गाभ राहण्याच्या बाबतीतलं आनुवंशिकतेचं प्रमाण फार कमी आहे, ०.१ च्या आसपास किंवा त्याहून खाली. बाकीचं सगळं चारा, हवामान, सांभाळ आणि नशीब. दूध तोडतानाचं वजन ०.२ ते ०.३ मध्ये येतं, जन्माचं वजन त्याहून वर, आणि मांसातल्या चरबीची जाळी ०.४ च्या पुढे. म्हणजे वजनावर निवड केली तर पुढच्या पिढीत पटकन दिसतं, वेळेवर विण्यावर केली तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं. एका गाईने दरवर्षी वेळेवर वासरू दिलं म्हणजे तिचा मुलगा तेच वाटत फिरेल असं नाही.

आणि ईपीडी उगाच नाहीत. तो आकडा फक्त त्या एका खोंडाचा नसतो, त्यात बाप, आई, काका, सावत्र भावंडं सगळ्यांच्या नोंदी आलेल्या असतात आणि तुमच्या गोठ्यातल्या खाण्यापिण्याचा परिणाम बाजूला काढलेला असतो. नुसत्या डोळ्यापेक्षा तो कधीही बरा. फक्त सोबत दिलेली अचूकता बघा. कोवळ्या खोंडाचा आकडा म्हणजे बराचसा आई-बापाची सरासरी, अचूकता कमी, उद्या त्याची स्वतःची वासरं मोजली की खालीवर होणार. डीएनए चाचणी करून घेतली तर अचूकता थोडी वाढते, पैदास विकायची असेल तर कराच.

पण एक, कळपकर, ११ चा जन्माच्या वजनाचा ईपीडी किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये!! वाढ आणि जन्माचं वजन हातात हात घालून जातात, त्यामुळे नुसत्या वाढीमागे लागलं की वासरं पोटातच मोठी होतात आणि कालवडी अडायला लागतात. दोन्ही आकडे उलट दिशेला असलेले वळू मिळतात पण शोधावे लागतात.

जुनाजाणता

आकडेमोड्या, ०.१ हे मान्य. पण त्याचा अर्थ दुर्लक्ष करा असा निघत नाही. ज्या गुणाचा वारसा कमी त्यात एका गाईच्या एका वर्षावर भरवसा ठेवायचा नाही, पण इथे एक वर्ष नाहीये, सगळी वेतं आहेत, वर आजी-मावश्यांच्या नोंदी असतील तर अजून चांगलं. आणि उलटं बघा, त्या गुणाची किंमत किती आहे. जे वासरू जन्मालाच आलं नाही त्याचा वाढीचा ईपीडी काय चाटायचाय?

आणखी एक. संकर करणाऱ्याला दोन जातींच्या मिसळीतून गाभ राहण्यात आणि वासरू जगण्यात फुकटचा जोम मिळतो. शुद्ध जातीवाल्याला तो मिळत नाही, नेमका ज्या गुणांचा वारसा कमी त्यातच मिळत नाही. म्हणून आपल्याला तिथे निवड कडक ठेवावी लागते, आपल्याकडे दुसरा मार्गच नाही.

एकाच गुणामागे धावलं की काय होतं त्याचं उदाहरण हेअरफर्डवाल्यांनी (ही मांसाचीच दुसरी जात) आधीच दाखवून ठेवलंय. १९४० आणि ५० च्या दशकात प्रदर्शनात बुटकं, ठेंगणं, गोळीबंद जनावर जिंकायचं, सगळे तेच निवडत गेले, आणि बुटकेपणाचा दोष वाहणारी जनावरंच नेमकी परीक्षकांना देखणी वाटत होती. मग बुटकी वासरं जन्माला यायला लागली आणि लोकांच्या नोंदवलेल्या वंशावळींची किंमत गेली. पुढे लंबक दुसरीकडे गेला आणि एवढी उंच जनावरं आली की गाईला खायला घालता घालता मालक दमला. आता वजनाचा ईपीडी आहे, उद्या अजून काहीतरी.

पशुवैद्य_ताई

भांडा तुम्ही निवांत, मी ४० नंबरबद्दल आणि तपासणीबद्दल लिहिते कारण ते कोणीच लिहीत नाहीये.

४० चा बाप आणि निम्म्या कालवडींचा बाप एकच. म्हणजे ४० त्यांचा सावत्र भाऊ. त्यांना तो लावला तर वासरांचा रक्तसंबंध १२.५ टक्के. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांचा २५ टक्के होतो. पैदासकार मुद्दाम एखादी वंशरेषा धरून जवळची जोडी लावतात ते मला माहिती आहे, पण त्याला मोठा कळप, पक्क्या नोंदी आणि बिघडलेलं जनावर निर्दयपणे काढायची तयारी लागते. ६० गाईंत हे सहज होऊन गेलं की सगळ्यात आधी मार बसतो तो गाभ राहण्याला आणि वासरांच्या तगण्याला. वजन नंतर कमी होतं, तोवर कोणाला कळत नाही. ४० चांगला असेल तर ज्यांच्याकडे त्याचं रक्त नाही अशा कळपाला विका, तिथे तो सोन्यासारखा चालेल.

हाच नियम सध्याच्या वळूला पण. या वर्षी लावला, वासरं पुढच्या वर्षी, आणि ठेवलेल्या कालवडी १४-१५ महिन्यांच्या झाल्या की त्याच्या तिसऱ्या हंगामात त्या माजावर येणार. म्हणजे दोन हंगाम झाले की एक तर वळू बदला, नाहीतर कालवडींचा गट वेगळा काढून त्यांना दुसरा वळू किंवा कृत्रिम रेतन. शक्य असेल तर एका वेळी दोन वेगळ्या रक्ताचे वळू ठेवा. सगळ्या गाईंना एकच लावला की पुढची अख्खी पिढी सावत्र बहिणींची.

दोषांची चाचणी – हे अँगसवाल्यांनी तरी विसरू नये. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अँगस असोसिएशनने कर्ली काफचा दोष जाहीर केला, पाठीचा कणा वाकडा, पाय आखडलेले, वासरू मेलेलंच जन्मतं. वाहक जनावर दिसायला ठणठणीत असतं, कधीकधी वाढीलाही उत्तम. दोन्हीकडून वाहक आले तरच चारात एक वासरू तसं निघण्याची शक्यता, त्यामुळे वर्षानुवर्षं लपून राहतं, आणि रक्त जवळ आलं की बाहेर पडतं. डीएनए चाचणीत वाहक कळतो. वळू विकणाऱ्याने हा कागद सोबत द्यायचाच, नाहीतर घेणाऱ्याने मागायचा.

आणि २७ ठेवायचं ठरलं तरी लगेच ठरवून टाकू नका. वर्षाचा झाल्यावर पैदासक्षमता तपासणी करून घ्या. १५ महिन्यांपर्यंतच्या खोंडाच्या अंडाचा घेर कमीत कमी ३० सेंमी, वीर्यात ३० टक्के तरी पुढे जाणारे शुक्राणू आणि ७० टक्के बिनदोष आकाराचे, एवढं असेल तरच पास. घेराकडे नीट लक्ष द्या, कारण ज्याचा घेर चांगला त्याच्या मुली साधारणपणे लवकर वयात येतात, आणि आकडेमोड्या खूश होतील, हा गुण बऱ्यापैकी वारशाने जातो. शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, त्यामुळे खोंडाला मध्ये कडक ताप येऊन गेला असेल तर तो चांगला दिसायला लागल्यावरही वीर्य खराबच येतं. तेव्हा नापास झाला म्हणून लगेच विकू नका, दोन महिन्यांनी परत तपासा.

पहिल्या हंगामात त्याच्यावर ओझं टाकू नका. जेवढे महिने वय तेवढ्या गाई हा जुना ठोकताळा बरोबर आहे. १५ महिन्यांचा असेल तर १५ गाई बास. आणि तपासणीत वीर्य कळतं, वळूला इच्छा आहे का ते कळत नाही, तेव्हा पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ उभं राहून बघा तो गाईवर चढतोय का नुसताच चरतोय.

नवखा७

ताई एक शंका, अस्थानी वाटली तर सोडून द्या. आमच्या एका चांगल्या गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड. आईची ओळ खूप चांगली आहे म्हणून कालवड पैदाशीला ठेवायची म्हणतोय.

पशुवैद्य_ताई

नवखा, थांबा. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या जुळ्या कालवडींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वांझ असतात, पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि भावाच्या संप्रेरकांमुळे तिची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. रक्ताची चाचणी करून घेता येते. नसेल करायची तर सरळ पोसून मांसासाठी विका, पैदाशीत धरू नका. गोऱ्हा चालतो.

कळपकर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. २०५ चा हिशोब जेवताना भावाला दाखवला, तो दहा मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसला आणि मग म्हणाला बरोबर आहे पण ११ दिसतो भारी. असो. ११ ची आई ६ वर्षांची आहे, आणि त्याचा जन्माच्या वजनाचा ईपीडी खरंच वरचा निघाला, आकडेमोड्या. ४० विकायला वडील तयार होतील असं वाटतंय, कोणी मोठ्या मनाने त्याची तारीफ केली तर.

कालवडींचं राहिलं. २६ आहेत.

रानवारा

कालवडींबद्दल मी सांगतो, हे माझं आवडतं काम.

६० गाईंना दरवर्षी १० ते १२ नव्या लागतात, साधारण १५ ते २० टक्के. पण दहाच निवडून बसू नका. २६ मधून आधी फक्त नको त्या काढा: जन्मताना ओढून काढावी लागलेल्या, ज्यांच्या आईची कास लोंबलेली किंवा सड बाटलीएवढे जाड, आणि मारक्या. मारकेपणा बऱ्यापैकी वारशाने येतो, आणि एक बिथरलेली अख्ख्या कळपाला बिथरवते. काट्यावर घेताना जी वेड्यासारखी धडका मारते आणि सोडल्यावर उधळते तिला पहिल्याच दिवशी खूण करून ठेवा, दिसायला कितीही छान असू दे.

सगळ्यात मोठी ठेवायची नाही आणि सगळ्यात बारकी पण नाही. सगळ्यात मोठी म्हणजे पुढे जाऊन सगळ्यात जास्त खाणारी गाय, आणि चारा कमी पडला की माज बंद होणारी पहिली तीच. मधला गट, आणि त्यातही हंगामाच्या सुरुवातीला जन्मलेल्या. त्या वयाने मोठ्या असतात म्हणून आधी वयात येतात.

मग राहिलेल्या १८-२० सगळ्यांना वळू लावा किंवा रेतन करा. तेव्हा वजन त्यांच्या पुढच्या पूर्ण वाढीच्या ६० ते ६५ टक्के झालेलं पाहिजे. तुमच्या गाई ६०० किलोच्या असतील तर ३६० ते ३९०. गाईंच्या तीन आठवडे आधी सुरू करा, कारण पहिलारूला परत माजावर यायला जाणत्या गाईपेक्षा जास्त दिवस लागतात आणि ती आधी व्याली नाही तर दुसऱ्या वेताला हमखास मागे पडते. आणि हंगाम छोटा, ४५ दिवस, त्यात दोन माज मिळतात. ४५ दिवसांनी वळू बाहेर. महिनाभराने गाभण तपासणी. ज्या पहिल्याच माजाला राहिल्या त्या तुमच्या, उशिरा राहिलेल्या गाभण म्हणून विका आणि रिकाम्या पोसून मांसासाठी विका. म्हणजे निवड तुम्ही करायची गरजच नाही, कालवडी स्वतः करतात. तुमच्या घरात वाद होत असतील तर हे फारच सोयीचं आहे, कारण कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही :)

आकडेमोड्या

रानवारा, पटलं, पण रिकामी निघाली की विकायचीच हे करताना एक बघा, सगळ्यांना खाणं सारखं होतं का. दांडगट कालवडी गव्हाणीवरून बाकीच्यांना हाकलतात आणि मग ज्या राहिल्या नाहीत त्या वाईट म्हणून नाही तर उपाशी म्हणून राहिल्या नाहीत. ईपीडीसाठी नोंदी पाठवताना पण हाच मुद्दा. ज्यांना वेगळं खाद्य दिलंय, आजारी होत्या, प्रदर्शनासाठी सांभाळल्या, त्यांचा गट वेगळा लिहा, नाहीतर ईपीडीत घाण जाते. आणि फक्त चांगल्यांचीच वजनं पाठवायची नाहीत!! सगळी पाठवायची. वाईटांची पाठवलीच नाहीत तर चांगली चांगली कशाच्या तुलनेत दिसणार, उलट तुमच्याच भारी जनावराचा आकडा सरासरीला येऊन बसतो.

जुनाजाणता

हे आकडेमोड्या एकदम बरोबर बोलले, आज कॅलेंडरवर खूण करतो.

कळपकर, जाता जाता गाईंकडेही बघून घ्या. कालवडी दहा आत यायच्या तर गाई दहा बाहेर जायच्या. गाभण तपासणीत रिकामी ती आधी, तिथे गतकाळाची पुण्याई मोजायची नाही. मग खूर वाढलेल्या आणि चाल बिघडलेल्या, मग कास, मग दात झिजलेल्या. खूर मात्र वळूचे जास्त बघा, एक गाय लंगडली तर एक वासरू जातं, वळू ऐन हंगामात लंगडला तर पंधरा. २७ ला कडक जमिनीवर चालवून मागून बघा, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का, आणि मागच्या पायाचा सांधा फार सरळ तर नाही ना. उभा सरळ पाय तरुणपणी रुबाबदार दिसतो, पण गाईवर चढउतार करून करून तोच सांधा सुजतो.

कळपकर

पाय उद्या सकाळी बघतो, व्हिडिओ काढून इथे टाकतो, मागून आणि बाजूने दोन्ही. ११ च्या आईचं काय करावं ते पण सांगा मग, या वेळी परत गाभण आहे की नाही ते तपासणीत कळेलच.

जुनाजाणता

गाभण असेल आणि पहिल्या तीन आठवड्यांतली असेल तर अजून एक वर्ष द्या. रिकामी असेल तर विचारू नका.